ठोका

पहिला बॉयलर आम्ही मरोळच्या लाँड्रीत बसवला.
हॉटेलांचे टॉवेल, दिवसाला चार हजार.
मालकाचा प्रश्न एकच,
डिझेलपेक्षा किती वाचतील?
बावतीस काळा चष्मा कपाळावर सारून म्हणाला,
शेठ, लाकूड जेवढं सुकं, तेवढे.

पुढे कंपनीने ओलावा मोजायचं यंत्र दिलं,
दोन सुयांचं.
बावतीसला ते कधी लागलं नाही.
ओंडका ओंडक्यावर आपटायचा,
टण्ण वाजला तर उतरवून घ्यायचा,
भद्द वाजला की ट्रकवाल्याला म्हणायचा,
पाणी विकतोस का रे लाकडाच्या भावात?

कुर्ल्याच्या रंगाई कारखान्याला दाब हवा होता,
साडेदहा किलो, वर अर्धा सरकायला नको,
आणि चिमणी समोरच्या इमारतीपेक्षा उंच.
आमचं कोटेशन मंजूर होईतो
इमारत सात मजले वर गेली.
पुन्हा मोजणी, पुन्हा कोटेशन.

आरेजवळच्या वसतिगृहात
दाबाशी कुणाला देणंघेणं नव्हतं.
सहाशे मुली, सात वाजता भात.
पहिल्या पेटवणीला सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तेव्हा
सगळ्या ताटं टाकून पळाल्या,
एक मंजुळा वरठा तेवढी उभी.
काका, आत कोण आहे?
सुरूची झाडं, पोरी, वादळात पडलेली,
बावतीस म्हणाला,
आणि तिला काचेच्या भोकातून जाळ दाखवला.

परळच्या इस्पितळात मात्र
तळघराचं दार दोन इंच कमी पडलं.
भिंत फोडली. रात्री, कारण दिवसा रुग्ण.
बावतीस कमरेपर्यंत ड्रमच्या आत,
बाहेर नुसते बूट,
आणि बुटांशेजारी पाव-भाजीचा थंड कागद.
मग थंड पाणी भरून दीडपट दाब.
त्या अर्ध्या तासात कुणी बोलत नाही.
बॅटरी घेऊन एकेक जोड बघायचा,
कुठे थेंब आला तर जोड रडला म्हणतात.
एकही रडला नाही.
इन्स्पेक्टरने सही केली,
बावतीसने खडूने मागच्या पत्र्यावर छोटा क्रूस काढला,
दुसऱ्या दिवशी त्यावर लोकर आणि ॲल्युमिनियम चढलं.

नऊ वर्षं झाली त्याला.

आता चौथा मजला, पुरुषांचा वॉर्ड, खाट एकवीस.
फुप्फुसं.
वेल्डिंगचा धूर की लाकडाचा,
डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही.
मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही.
कामं मी आणायचो.

वसईहून त्याच्या बायकोने केळी पाठवली होती,
ती त्याने मलाच सोलून दिली.
मग बोट वर केलं. ऐक.
भिंतीतून, ठक. ठक-ठक.
सिस्टर म्हणाल्या, दोन वर्षं वाजतंय,
आम्हाला ऐकूच येत नाही आता.
पाइपात पाणी साचलंय, बावतीस म्हणाला,
श्वास घेतला,
ऑटोक्लेव्हच्या आधीचा ट्रॅप, तिसऱ्या वळणावर.
जा.

मी गेलो.
खाली साजिद नावाचा नवा पोरगा,
भुशाच्या विटा मोजून टाकत होता,
अठरा, एकोणीस.
ट्रॅप उघडला, गंजाची पेस्ट निघाली, मूठभर.
धुतला, बसवला, पाना साजिदच्या हातात दिला,
पुढच्या वेळी तू.

वर आलो तर बावतीस छताकडे बघत होता.
बंद केलास?
केला.
मग खाली चालू आहे की नाही,
मला इथे कसं कळायचं?

मला काही सुचेना.
सिस्टर चादर बदलायला आल्या,
तळघरातून नुकतीच आलेली, घड्या तशाच ताठ.
बावतीसने हात पुढे केला.
तळवा नाही,
आधी हाताची पाठ,
आम्ही नव्या पोरांना शिकवतो तशी.